मृत क्रमांक चार

मेलेल्यांनी उठायचं कधी, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

शिवडीच्या महापालिका शाळेचं मैदान,
निळी ताडपत्री, खालून टोचणारी खडी,
आणि माझ्या पायाच्या अंगठ्याला सुतळीनं बांधलेलं कार्ड:
मृत. क्रमांक ४. स्त्री. वय अंदाजे पंचेचाळीस.
एकोणचाळीस पूर्ण व्हायचीत अजून.

जमिला परकारच्या वाट्याला ताप आणि पुरळ आले.
दंडावर लाल टिकल्या चिकटवून ती खुशीत कण्हत होती.
म्हणाली, तुझं बरंय हेमांगी, तुला झोपायला मिळालं.
खरंच होतं. सकाळी साडेदहाला आडवं पडायची
आयुष्यातली ही दुसरी वेळ.
पहिल्या वेळी मुलगी झाली होती.

मेल्यावर फार स्पष्ट ऐकू येतं.
भोंग्यावर कुणी वाचत होतं, अज्ञात भुकटी, अज्ञात इसम,
आणि भोंग्यामागे हळू आवाजात,
मास्क भांडारात आहेत, चावी मांजरेकरकडे आहे,
मांजरेकर राजापूरच्या पुढे कुठेतरी भाचीच्या लग्नात आहे.
फाइलीतला तातडीचा नंबर लावला
तर एका बाईनं उचलला,
ते रिटायर झाले हो, आता पूजेला बसलेत,
फार अर्जंट आहे का?
डॉक्टर तळपुळे जरा थांबले.
नाही म्हणाले. आज नाही.

तेवढ्यात फाटकातून घवाळी आले,
रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन,
मांडव दिसला, शिबिर असेल समजून.
पांढऱ्या पोशाखातले दोघे धावले,
धरलं, शर्ट उतरवला, फवाऱ्याखाली उभं केलं.
ते ओरडले नाहीत.
रांगेत उभं केलं की उभं राहायचं,
गिरणीच्या गेटवर, संपात, करोनात,
या शहरानं त्यांना एवढं शिकवलेलं.
फक्त चिठ्ठीचा हात वर धरला त्यांनी, पाण्याच्या बाहेर.

मला ओरडायचं होतं, अहो, हे खरे आहेत!
पण मी मृत.
माझ्या तोंडावर चादर, आणि चादरीचा रंग
नियमाप्रमाणे बरोबर.

शेवटी मोजणी झाली. यादीत चाळीस,
मैदानात एकेचाळीस.
साहेबांनी तीनदा मोजलं.

नंतर चहा, वडापाव, आणि भिंतीवर तक्ता.
वर दिल्ली, खाली मंत्रालय, मग महापालिका, मग वॉर्ड,
बाण, बाण, बाण,
आणि अगदी तळाला एक रिकामी चौकट: समाज.
मी वाकून पाहिलं. आत काहीच लिहिलं नव्हतं.
मला वाटलं विचारावं, इथे शेवंताबाई मावतील का,
पहिल्या माळ्यावरच्या, ज्यांना जिना उतरता येत नाही?
आणि तीन नंबर गल्लीतली ती बिहारची नऊ पोरं,
एका खोलीत, पाळीपाळीनं झोपणारी?
आणि मशिदीमागची आजी, जिनं पोलिओच्या वेळी
मला सहा महिने दार उघडलं नाही,
आणि सातव्या महिन्यात उघडलं ते डोससाठी नव्हे,
माझ्या मुलीचा दहावीचा निकाल विचारायला?

अभिप्रायाच्या कागदावर दोनच ओळी होत्या.
पहिलीवर मी लिहिलं, चावी.
दुसरीवर बराच वेळ पेन टेकवून बसले.

तो पोशाख मला घालून दाखवला होता सकाळी.
आत आपलाच श्वास मोठा ऐकू येतो,
बाहेर शब्द पोचत नाहीत.
माझ्या अडीचशे घरांत
मला चेहऱ्यानं कमी ओळखतात, हाकेनं जास्त.
पोशाख घरी न्यायला मागितला. नियमात बसत नाही म्हणाले.

रात्री भांडी घासून झाल्यावर
तोंडावर ओढणीच्या तीन घड्या बांधल्या,
वरून मुलीचा रेनकोट, टोपीसकट,
बाहेर गेले, दार ओढून घेतलं
आणि माझ्याच दारावर टकटक केली.

कोण?
मी.
आतून टीव्ही बंद झाल्याचा आवाज.
मी कोण?

पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं.
कडी वाजली, पण उघडायची नव्हे.
आतून वरची कडीही लावली तिनं.
शहाणी माझी.

बोळात उभी राहून
मी तिसऱ्यांदा हाक मारून पाहिली.